उपनगरांतील गांवदेव

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्यांपैकीं कोणतेंहि नांव उच्चारलें कीं आपल्या डोळ्यांपुढें आगगाडीचें स्टेशन उभें राहतें. त्याच्या दोहों बाजूंस पसरलेलीं दुकानें दिसतात, आणि त्यांच्यामागें मजल्यावर मजले चढविलेल्या इमारती. ह्या वस्त्या एके काळीं गांवें होत्या, प्रत्येकीला शीव होती, पाणवठा होता आणि राखण करणारा एक देव होता, ही गोष्ट आपणांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत असते. शीव बुजली, पाणवठे आटले. पण तो देव पुष्कळ ठिकाणीं अद्याप आपली जागा धरून बसला आहे. त्याच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे योजिलें आहे.

लोकदैवत म्हणजे काय, हें आधीं स्पष्ट केलेलें बरें. सिद्धिविनायक किंवा महालक्ष्मी ह्यांसारख्या नामांकित देवस्थानांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. त्यांना विश्वस्त आहेत, उत्पन्न आहे, दर्शनाच्या रांगा आहेत. मी बोलत आहें तें वडाच्या बुंध्याशीं, विहिरीच्या कांठीं अथवा टेकडीच्या माथ्यावर असलेल्या लहानशा स्थानाविषयीं. तेथें घडीव मूर्ति क्वचितच आढळते. शेंदूर फांसलेला एक वाटोळा दगड, ज्याला आपण तांदळा म्हणतों तो, पुढें नारळाच्या करवंट्या, विझलेली पणती आणि बाजूला एखादा त्रिशूळ, एवढाच संसार. पूजा करणारा बहुधा गांवचाच कोणी कोळी, आगरी, भंडारी, कुणबी किंवा वारली. मंत्रांच्या जागीं येथें गाऱ्हाणें असतें. देवापुढें उभें राहून आपल्या बोलींत दुःख सांगावें, मागणें मागावें, आणि तें पुरें झालें तर नवस फेडावा, हा ह्या उपासनेचा सगळा विधि.

आपलीं उपनगरें ज्या भूमीवर वसलीं तें साष्टी बेट. सहासष्ट गांवांचा समूह म्हणून साष्टी, अशी ह्या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. १५३४ सालीं हें बेट पोर्तुगीजांकडे गेलें, १७३७ ते १७३९ ह्या काळांत चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तें परत मिळविलें, आणि १७७४ सालीं इंग्रजांनीं तें घेतलें. १८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धावूं लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. २०११ च्या शिरगणतींत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लक्षांच्या वर भरली. इतक्या घडामोडी ज्या दगडानें आपल्या जागेवरून पाहिल्या, त्याला निर्जीव म्हणणें जड जातें.

गांवच्या संसारांत ह्या देवाकडे तीन कामें असत.

पहिलें काम शिवेचें. एका गांवाची जमीन कोठें संपते व दुसऱ्याची कोठें लागते, हें कागदावर येण्यापूर्वीं शिवेवरचा म्हसोबा, वेताळ किंवा चेडोबा सांगत असे. माणसानें रोवलेला खुंट रात्रींतून सरकवितां येतो. देव सरकविण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. ही युक्ति एकट्या आपल्याच लोकांना सुचली असें नव्हे. प्राचीन रोमन लोक टर्मिनस नांवाच्या शिवेच्या देवाला भजत, आणि फेब्रुवारी महिन्यांत शेजारी शेतकरी एकत्र येऊन सामाईक सीमेवरच्या दगडाला हार घालीत. जपानांत गांवाच्या वेशीवर दोसोजिन ह्या रक्षक देवाचे दगड आजहि दिसतात.

दुसरें काम मेळाव्याचें. वर्षांतून एकदां जत्रा भरे, पालखी निघे, आणि कामधंद्यासाठीं पांगलेलीं घरें एका ठिकाणीं जमत. पहिला नारळ कोणी वाढवावयाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे मान ठरलेले असत, आणि त्या मानांत गांवांतल्या जातीजमातींचे परस्परसंबंध नोंदलेले असत. त्यांत उच्चनीचभाव होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्याला गांवांत एरव्हीं कोणी विचारीत नसे, अशा घराशिवायहि जत्रा पुरी होत नसे, ही दुसरी बाजूहि ध्यानांत ठेविली पाहिजे.

तिसरें काम रोगराईचें. पटकीची सांथ आली कीं जरीमरीला सांकडें घालावयाचें, देवी आल्या कीं शीतलेला शांत करावयाचें, अशी रीत होती. कुर्ला आणि साकीनाका ह्यांच्या दरम्यान एका मोठ्या वस्तीचें नांवच जरीमरी आहे. रोज हजारों माणसें बसच्या पाटीवर तें वाचतात. पण तें एका महामारीच्या देवतेचें नांव आहे, हें त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? देवीचा रोग हिंदुस्थानांतून १९७५ सालीं नाहींसा झाला, आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तो जगांतूनच गेल्याचें जाहीर केलें. रोग गेला, देवता राहिली. आज तिच्यापुढें आई उभी राहते ती मुलाच्या परीक्षेसाठीं, मुलीच्या नोकरीसाठीं, किंवा इस्पितळांत निजलेल्या माणसासाठीं. सांकडें बदललें तरी तें घालण्याची जागा बदलली नाहीं. लोकश्रद्धेचा स्वभाव समजण्यास एवढें एक उदाहरण पुरे.

आतां अंधेरीकडे वळूं. अंधेरीच्या पश्चिमेस गिल्बर्ट टेकडी नांवाचा काळ्या बेसाल्ट दगडाचा एक सुळका आहे. उंची सुमारें २०० फूट, आणि वय भूगर्भशास्त्रज्ञांच्या मतें सुमारें साडेसहा कोटि वर्षें. पृथ्वीच्या पोटांतला तप्त रस थिजून हे उभे खांब तयार झाले. असे खडक जगांत थोडे आहेत. खडकांत खोदलेल्या उभ्या पायऱ्या चढून गेलें कीं माथ्यावर गांवदेवीचें व दुर्गामातेचें स्थान लागतें. टेकडीच्या भोंवतालचा दगड खाणवाल्यांनीं पोखरून नेला, पायथ्याशीं झोपड्या आल्या, मग उंच इमारती आल्या. २००७ सालीं ह्या टेकडीला दुसऱ्या श्रेणीची वारसावास्तु म्हणून मान्यता मिळाली. पण भूगर्भशास्त्राचें महत्त्व शहराला उमगण्याच्या कितीतरी आधीं गांवकऱ्यांनीं माथ्यावर देवी बसवून ती जागा आपली मानिली होती. नवरात्रांत पायऱ्या चढणाऱ्या बायकांना बेसाल्ट म्हणजे काय हें ठाऊक असो वा नसो, त्या खडकाला माणसांचा राबता आहे तो त्यांच्यामुळें.

लोकदैवतांची दुसरी एक मौज अशी कीं, त्यांना जुनें टाकून देणें माहीत नाहीं. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटें येथें बौद्ध भिक्षूंनीं खोदलेलीं १९ लेणीं आहेत. भिक्षु गेले, विहार ओस पडले. पण जवळ महाकालीचें देऊळ होतें, त्यावरून लोकांनीं त्यांना महाकालीचीं लेणीं हें नांव दिलें, आणि आज रस्त्यालाहि तेंच नांव आहे. जोगेश्वरीचें प्रचंड लेणें सहाव्या शतकांतलें, शैव पंथाचें. आज तेथें जोगेश्वरी देवीची पूजा होते, आणि रेल्वेचें स्टेशनहि तिच्याच नांवानें ओळखलें जातें. बोरिवलीजवळ एकसर गांवीं सुमारें दहा फूट उंचीच्या वीरगळांची रांग आहे. वीरगळ म्हणजे रणांत पडलेल्या योद्ध्याचा स्मारकदगड. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्यांचें सविस्तर वर्णन आलेलें आहे. कांहींवर वल्हीं मारीत चाललेल्या नौकांचें युद्ध कोरलें आहे, आणि शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव ह्यांच्या तेराव्या शतकांतील संग्रामाशीं कित्येक विद्वान त्याचा संबंध जोडतात. त्या लढाईचीं चित्रें दगडावर राहण्यास गांवकऱ्यांची पूजा कारण झाली आहे. नुसता दगड असता तर कोणी पायरीला, कोणी जोत्याला लावून मोकळा झाला असता.

तीच गोष्ट गद्धेगळांची. राजानें जमीन दान दिली कीं तो लेख दगडावर कोरून वर चंद्रसूर्य काढीत, आणि दान मोडणारास गाढवाची शिवी खालीं चित्रांत दाखवीत. चंद्रसूर्य आहेत तोंवर हें दान चालावें, असा त्याचा अर्थ. पुढें अक्षरें वाचणारे राहिले नाहींत. लोकांनीं कोठें त्या दगडाला देवी मानून शेंदूर लाविला, तर कोठें अशुभ म्हणून त्याला हात लावण्याचें टाळलें. दोन्ही रीतींनीं दगड वांचला. २०१५ सालापासून कांहीं वर्षें मुंबई विद्यापीठाचें बहिःशाल केंद्र व साठ्ये महाविद्यालय ह्यांच्या अभ्यासकांनीं साष्टी बेटाची पायीं पाहणी केली, तेव्हां जुनीं शिल्पें व कोरीव अवशेष त्यांना वस्तींतल्या लहान देवळांत आणि झाडांच्या पारांवर पूजेंत असलेले आढळले. इतिहासाचा हा ठेवा शेंदराच्या पेटींत ठेवलेला होता, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान व गोरेगांवची आरे वसाहत ह्या बाजूस गेल्यावर गांवदेवाचें निराळें रूप दिसतें. ह्या अरण्यांत वारली, मल्हार कोळी इत्यादि आदिवासींचे पाडे आहेत. आरेमध्यें केलटीपाडा, खांबाचापाडा, जीवाचापाडा अशीं त्यांचीं नांवें. दुग्धवसाहत १९४९ सालीं उभी राहूं लागली. पाडे त्यापूर्वींचे आहेत. येथला मोठा देव वाघोबा. लांकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, आणि त्यासोबत चंद्र, सूर्य, नाग कोरलेले, वर शेंदूर. त्याच्याविषयीं वारल्यांत एक कथा सांगतात. एका बाईच्या पोटीं जन्मलेला मुलगा वाघ होऊन गांवचीं जनावरें मारूं लागला. गांवकरी चिडले. तेव्हां आईनें तोड काढली. प्रत्येक गांवानें त्याला एक जागा द्यावी, वर्षांतून एकदां मान द्यावा. आणि त्यानें माणसांना उपद्रव देऊं नये. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला हा करार दरसाल नवा केला जातो.

ही कथा शहरांतल्या माणसाला भाबडी वाटेल. परंतु तींतला आशय पाहा. वाघाला मारून टाका असें ती म्हणत नाहीं, आणि वाघ निरुपद्रवी आहे असेंहि म्हणत नाहीं. तो राहणार, आपणहि राहणार, मग दोघांनीं मर्यादा पाळावी, एवढेंच तिचें म्हणणें. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या त्या उद्यानांत व लगतच्या परिसरांत २०१८ च्या पाहणींत ४७ बिबटे मोजले गेले, आणि चहूंकडे तर एवढें अफाट शहर. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत मुंबई उपनगर, ठाणें व पालघर ह्या जिल्ह्यांतील दीडशेंहून अधिक वाघोबांची नोंद झाली. मनुष्य व हिंस्र पशु ह्यांच्या सहवासांत ह्या श्रद्धेचा उपयोग होतो, असें त्या अभ्यासकांनीं दाखविलें. श्रद्धा असली म्हणजे बिबट्या हल्ला करीत नाहीं, असा त्याचा अर्थ नव्हे. हल्ला झाला तरी समाज सूडाला पेटत नाहीं, हा त्याचा अर्थ.

समुद्राकांठीं वेसाव्याच्या कोळीवाड्यांत हिंगळादेवी आहे. तिच्या नांवाचें मूळ पीठ बलुचिस्तानांत. देवता किती दूरचा प्रवास करितात हें त्यावरून दिसेल. वांद्र्याच्या टेकडीवरची मोतमाउली ख्रिस्ती लोकांची. परंतु सप्टेंबरांतल्या तिच्या जत्रेंत हिंदु कोळीहि मेणबत्ती घेऊन जातात. कोणी मेणाचा हात वाहतो, कोणी मेणाचें मूल. आपल्या देवीपुढें चांदीचे डोळे वाहणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली तेव्हां ह्या भागांतल्या ख्रिस्ती वाड्यांनीं वाटेवर क्रूस उभारले. त्यांपैकीं कित्येक अद्याप आहेत. शेजारच्या वाडींतली जरीमरी आणि हा क्रूस, दोघांच्या मुळाशीं भय एकच आणि आशाहि एकच.

आतां मुख्य प्रश्न. ह्या स्थानांचें पुढें काय व्हावयाचें?

रस्त्यांवर व सार्वजनिक जागांवर नवीं धार्मिक बांधकामें होऊं देऊं नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २९ सप्टेंबर २००९ रोजीं दिला. त्यास अनुसरून महाराष्ट्र सरकारनें २०११ सालीं अनधिकृत स्थळांची वर्गवारी ठरविली. नियमित करण्याजोगीं, पाडण्याजोगीं व दुसरीकडे हलविण्याजोगीं. हा हेतु योग्य आहे. देवाचें नांव करून पदपथ बळकावणारे थोडे नाहींत, आणि अशांना आळा बसलाच पाहिजे. अडचण पडते ती खऱ्या जुन्या देवाची. काल रातोरात उभ्या राहिलेल्या देवळाजवळ फरशी असते, पाटी असते, पावतीपुस्तक असतें. तीनशें वर्षें झाडाखालीं बसलेल्या तांदळ्याजवळ एकहि कागद नसतो. रस्ता रुंद करणाऱ्या कारकुनाच्या नकाशांत तो केवळ एक दगड.

ह्याच्या उलट एक उदाहरण सांगतों. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें, १ जानेवारी २००८ रोजीं जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत सामूहिक हक्काच्या पुराव्यांची यादी आहे. पवित्र वृक्ष, देवराया, तळीं, दहनदफनाच्या जागा व जुन्या बांधकामांचे अवशेष हे त्यांत पुरावे मानिले आहेत. म्हणजे ज्याच्याजवळ सातबारा नाहीं, त्याच्या वतीनें त्याचा देव साक्ष देऊं शकतो. आरेंत मेट्रोच्या कारशेडसाठीं ऑक्टोबर २०१९ मध्यें दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं व सर्वोच्च न्यायालयानें ७ ऑक्टोबरला पुढील तोड थांबविली, तेव्हां आदिवासींनीं आपल्या जमिनीइतकेंच आपल्या देवांचें नांव घेतलें, तें उगाच नव्हे. कारशेड पुढें तेथेंच झाली, आणि २०२४ सालीं ती मेट्रो धावूंहि लागली. शहराला गाड्या हव्यात, हें कोण नाकारील? परंतु जागेची किंमत ठरवितांना तेथल्या देवाची साक्ष निदान नोंदविली तरी जावी, एवढें मागणें अवाजवी नाहीं. टोकियो शहरांत ओतेमाची ह्या भागीं, मोठमोठ्या पेढ्यांच्या गगनचुंबी कचेऱ्यांमध्यें, दहाव्या शतकांतील मासाकादो नांवाच्या योद्ध्याची समाधि जपून ठेविलेली आहे. तेथली जमीन काय भावानें विकली जात असेल ह्याची कल्पना करा. तरी तेवढा तुकडा शहरानें सोडला.

देवाला दुसरें भय आहे तें भक्तांचेंच. एखाद्या स्थानाचा जीर्णोद्धार करण्याचें मनांत आलें कीं प्रथम झाड तोडावयाचें, मग संगमरवरी फरशी घालावयाची, आणि जुना तांदळा विसर्जन करून बाजारांतली घडीव मूर्ति आणावयाची, अशी चाल पडली आहे. त्यांत भक्ति आहे. पण जें जपावयाचें तेंच त्यांत हरवतें. शेंदराच्या पुटाखालीं काय असेल, हें आपणांस सांगतां येत नाहीं. २०२२ सालीं वणीच्या सप्तशृंगीवरील शेंदूर शास्त्रशुद्ध रीतीनें काढला, तेव्हां आंतलें मूळ रूप प्रकट झालें. गांवच्या तांदळ्याखालीं कदाचित् वीरगळ असेल, कदाचित् दानलेख असेल, आणि नुसता दगड असला तरी तो आपल्या पूर्वजांच्या हातचा आहे.

ही सगळी अंधश्रद्धा, तिची एवढी काळजी कशाला, असेंहि कोणी म्हणतील. त्यांचा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. भगताच्या नादीं लागून आजारी मूल इस्पितळांत नेण्यास उशीर करणें हें पाप आहे, आणि अशा फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रानें २०१३ सालीं कायदाहि केला आहे. तो पाळलाच पाहिजे. परंतु औषधाच्या जागीं देव बसविणें वेगळें, आणि औषध घेऊन झाल्यावर देवापुढें क्षणभर हात जोडणें वेगळें. पहिल्यानें माणूस मरतो. दुसऱ्यानें त्याला धीर येतो. विवेकी माणसाला हा भेद करतां आला पाहिजे. आणि ज्याची श्रद्धा नाहीं त्यानेंहि, जुनें नाणें किंवा जुना ताम्रपट आपण ज्या दृष्टीनें पाहतों, त्या दृष्टीनें तरी हा दगड पाहावा.

मग घरोघरच्या सुशिक्षित मंडळींनीं काय करावें? काम सोपें आहे. आपण जेथें राहतों त्या वस्तीचें जुनें नांव कोणतें, तिची गांवदेवी कोठें आहे, तिची जत्रा कोणत्या तिथीला असते, पूजेचा मान कोणाकडे आहे, हें तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला किंवा आजोबांना विचारावें व वहींत लिहून ठेवावें. छायाचित्र काढावें, त्यावर तारीख घालावी. सरकारदरबारीं प्रश्न निघाला तर अशीच एखादी वही उपयोगी पडते. जत्रेच्या दिवशीं मुलांना घेऊन जावें. देणगी द्यावयाची झाली तर संगमरवरासाठीं न देतां झाडाच्या पारासाठीं व छपरासाठीं द्यावी. आणि गांवकऱ्यांच्या रीतींत आपण शहाणपण शिकवूं नये. पाहुण्यानें पाहुण्यासारखें राहावें.

कारण एका अर्थीं आपण सारेच ह्या साष्टींत पाहुणे आहोंत. कोणी कोंकणांतून आलों, कोणी घाटावरून, कोणी गुजराथेंतून, कोणी त्याहूनहि लांबून. ज्यांच्या शेतांवर आपलीं घरें उभीं आहेत त्यांपैकीं पुष्कळांचीं शेतें गेलीं, कित्येकांचीं घरेंहि गेलीं. उरला आहे तो त्यांचा देव. येत्या रविवारीं सवड काढून त्याचा पत्ता आपल्या शेजारीं विचारा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.